दुरुस्तीची गरज : नाही

सुताराचा उजवा खांदा त्या थंडीत धरला तो धरलाच. आधी रंधा मारताना आत कुठेतरी चमक निघायची, पुढे सदरा घालताना निघायला लागली, आणि एके सकाळी वरच्या फळीवरची पटाशी काढायला त्याने हात उचलला तर हात छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. सुताराने त्याला दोन शिव्या दिल्या, तरी तो हलला नाही.

"कढत पाण्याने शेका म्हणून सांगते, तर ऐकायचं नाही," सुतारीण म्हणाली.

"शेकतोय की."

"एका हातात करवत धरून कुणी शेकत नसतं."

आतून सून हसली. घरात सगळ्यात जास्त शिकलेलं माणूस म्हणजे ही सून. मुलगा दूरच्या कारखान्यात कामाला होता, महिन्यातून एकदा यायचा. एरवी घरात चौघंच. सुतार, सुतारीण, सून आणि पहिलीत जाणारी नात. सुनेची जीभ रंध्याच्या पात्यासारखी होती, पण घरातल्या कुणावर ती चालवायची नाही, हे सासूसासऱ्यांचं नशीब.

सुतारीण गावच्या शाळेत शिपाई होती. बारा वर्षं झाली तिला. सकाळी कुलूप काढायचं, वर्ग झाडायचे, पाणी भरायचं, वेळेवर घंटा द्यायची आणि लहानग्यांची नाकं पुसायची. यातलं शेवटचं काम कुठल्याही कागदावर नव्हतं, पण सगळ्यात जास्त वेळ त्यातच जायचा.

शाळेतून ती घरी यायची ती काहीतरी मोडल्याची बातमी घेऊनच. खिडकीचं झडप लोंबतंय, तिसऱ्या बाकाचा पाय डुगडुगतोय, फळ्याची चौकट उकललीय. सुतार हं म्हणायचा आणि सुट्टीच्या दिवशी पिशवी उचलून शाळेत जायचा. कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. बायको जिथे रोज आठ तास काढते तिथलं दार नीट लागू नये, हे त्याला स्वतःच्या अब्रूचं वाटायचं. लाकूडही विकत आणावं लागायचं नाही. गावात कुणाचंही काही मोडलं की ते सुताराच्या अंगणात येऊन पडायचं. मोडकी खाट, जुनं दार, गाडीची फळी. असू द्या, कशालातरी होईल, असं म्हणून लोक टाकून जायचे आणि विसरायचे. सुतार मात्र विसरायचा नाही. अशी अकरा वर्षं गेली.

खांदा धरल्याला तीन महिने होत आले तेव्हाची गोष्ट. दुपारी सुतारीण घरी आली आणि पायांतल्या चपला न काढताच भुशाच्या ढिगाशेजारी बसली. ती चपला घालून अंगणात कधी बसत नसे, म्हणून सुताराने हातातला रंधा खाली ठेवला.

"अहो, आपल्या शाळेचं नाव यादीत आलंय."

"कसल्या यादीत?"

"कपातीच्या."

कपातीचं सगळ्या गावाला ठाऊक होतं. गेले दोन महिने दुकानासमोरच्या बाकड्यावर दुसरं बोलणंच नव्हतं. सरकारी शाळांवरचा खर्च फार झाला, तो कमी करायचा, असं राजधानीत घाटत होतं. तिकडे सभागृहात दोन्ही बाजूचे पुढारी एकमेकांवर कागद फेकत होते आणि इकडे दुकानदार आणि शिंपी एकमेकांवर ओरडत होते. दुकानदार शाळा समितीचा अध्यक्ष, पण तो कपातीच्या बाजूचा. "पोरं कमी झाली आणि खर्च तेवढाच? माझं दुकान मी असं चालवलं तर महिन्यात फळ्या रिकाम्या पडतील," असं तो म्हणायचा. शिंपी तोंडातली सुई काढून म्हणायचा, "कापड कमी पडलं म्हणून आधी पोराचाच सदरा कापायचा, ही कुठली शिवण?" दोघंही दमले की दुकानदार चहा सांगायचा, आणि तो चहा दोघंही प्यायचे.

तोवर सगळं लांबचं होतं. आता ते गावात येऊन दारात बसलं होतं. ज्या शाळांना फारशी गरज नाही त्यांची एक यादी निघाली होती. त्यांचा दुरुस्तीचा निधी बंद, शिपायाची जागा बंद, आणि दोन वर्षांनी शाळाच टेकडीपलीकडच्या मोठ्या शाळेला जोडायची. टेकडीपलीकडे म्हणजे चालत सव्वा तास. आठ दिवसांनी तिघांचं पथक शाळा पाहायला येणार होतं. त्यांना वाटलं तर नाव यादीतून निघेल, नाहीतर कायम.

"तुझी जागा?" सुताराने विचारलं.

"तेच सांगतेय ना."

नात तेवढ्यात अंगणात आली आणि आजीच्या मांडीवर बसली. सुताराने तिच्या पायांकडे पाहिलं. पहिलीतल्या पोरीचे पाय ते, टेकडी चढायला निघाले तर शाळा सुटायच्या वेळेला पोचतील. त्याला एकदम राग आला, पण कुणाचा ते त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक दुकानासमोरच भरली, कारण दुकानदाराला गल्ला सोडवत नव्हता. गुरुजी आले, शिंपी आला, अजून पाचसहा जण आले. शेजारच्या घराला दार बसवायला सुतार निघाला होता, त्यालाही थांबवलं.

दुकानदाराने चष्मा लावला आणि कागद वाचला. वाचता वाचता त्याचा पारा चढत गेला. "इथे लिहिलंय, मागच्या अकरा वर्षांत या शाळेने दुरुस्तीसाठी एकदाही मागणी केलेली नाही. दर वर्षीच्या तक्त्यात 'दुरुस्तीची गरज' या रकान्यात 'नाही' असं लिहिलेलं आहे. गुरुजी, हे कुणी लिहिलं?"

"मी लिहिलं," गुरुजी म्हणाले. गुरुजी सरळ माणूस. इतका सरळ, की त्यांच्या सरळपणाचा गावाला अधूनमधून त्रास व्हायचा.

"का लिहिलं?"

"खरं होतं म्हणून. तक्ता भरायला घेतला की मी शाळेला एक फेरी मारायचो. सगळी दारं लागायची, सगळे बाक स्थिर. मग खोटं कसं लिहू?"

"आणि हे सगळं स्थिर कसं राहिलं? शाळा काय आपोआप बरी होते?"

सगळ्यांच्या माना हळूहळू सुताराकडे वळल्या. सुतार दाराची फळी काखेत धरून उभा होता.

"वा!" दुकानदार म्हणाला. "म्हणजे हे तुमचे उपकार. अहो, घरचं खाऊन सरकारचं काम करायला तुम्हाला कुणी बोलावलं होतं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुमच्या चांगुलपणानं गावाची शाळा बुडवली."

"दुकानदार, काल-परवापर्यंत तुम्हीच कपात पाहिजे म्हणत होता," शिंपी म्हणाला.

"दुसऱ्यांच्या शाळांची म्हणत होतो!"

दोनचार जण हसले. सुताराला हसू आलं नाही. पन्नाशी उलटलेला माणूस, गावाने आजवर त्याचं काम नावाजलेलं, आणि आज भर रस्त्यात त्याला फळी धरून चोरासारखं उभं राहावं लागलं. काखेतली फळी जड झाली, पण ती खाली ठेवावी की नको हेही त्याला सुचेना.

बैठकीत ठरलं ते असं. पथक यायच्या आत शाळा मोडकी दिसली पाहिजे. गेल्या तीन महिन्यांत लोंबलेलं एखादं झडप आणि दोनेक बाक तेवढ्याला पुरणार नव्हते. फार नाही, बेताने. पाचसहा बाकांचे पाय, दोन खिडक्या, एखादं दार. आणि हे काम दुसऱ्या कुणी करायचं नाही, सुतारानेच करायचं.

"तुम्हीच जोडलंय, तुम्हीच सोडा," दुकानदार म्हणाला. "कुठे काय आहे ते तुम्हालाच माहीत."

गुरुजी चुळबुळले. "हे खोटं होईल."

"गुरुजी, तुमच्या खऱ्याने काय झालं ते बघितलं ना? आता जरा गप्प बसा."

सुट्टीच्या दिवशी सकाळी सुतार शाळेत गेला. सुतारीण आधीच वर्ग झाडत होती. नेहमी ती झाडायची आणि तो ठोकायचा, आणि अकरा वर्षांत त्यांचं निम्मं बोलणं इथेच झालेलं. आज नुसता झाडूचा आवाज.

त्याने तिसरा बाक आडवा केला. मागचा डावा पाय त्यानेच बसवलेला, शिंपिणीच्या आईच्या खाटेचा. गुडघा टेकून त्याने करवत डाव्या हातात घेतली, कारण उजवा आता जोर लावण्याच्या कामाचा नव्हता. दात लाकडावर ठेवले आणि एक ओढ दिली. लाकडावर पांढरी रेघ उमटली. तिथे पाय आणि पट्टी यांच्यामध्ये नख घालायला जागा नव्हती. असा सांधा त्याने उभ्या आयुष्यात दहाबारा वेळाच जमवला असेल. दुसरी ओढ द्यायला हात पुढे गेला, पण ती त्याने दिली नाही. त्याने करवत बाजूला ठेवली आणि तिथेच फरशीवर बसला.

सुतारणीने झाडू टेकवला. "काय झालं?"

"मला नाही जमत."

"मग नका करू."

"तुझी जागा जाईल."

"जाईल तर जाईल." ती त्याच्याशेजारी येऊन बसली. "साहेब येणार एक दिवस, तासभर. उद्या या बाकावर पोरं बसणार आहेत. पाय निसटून कुणाचा हात मोडला, तर मी घंटा कुठल्या तोंडानं देऊ? मोडून ठेवलेल्या शाळेतली जागा मला नको."

बायकोचं त्याला पटलं, आणि पटलं म्हणून अधिकच वाईट वाटलं. अकरा वर्षं केलेल्या कामाने बायकोची जागा घालवली, असाच हिशेब त्याच्या डोक्यात बसला होता.

दुपारी सून जेवणाचा डबा घेऊन आली, नात तिच्या बोटाला होती. आडवा बाक, त्यावरची पांढरी रेघ आणि भिंतीला टेकून बसलेले दोघं पाहून तिला सगळं समजलं. तिने डबा उघडला, दोघांना खायला घातलं आणि मग सहज विचारावं तसं म्हणाली, "बाबा, या शाळेतलं तुमच्या हातचं काय काय आहे?"

"काय काय म्हणजे? बरंच आहे."

"दाखवा की."

"हा पाय. ही पट्टी. त्या खिडकीचं खालचं लाकूड. फळ्याच्या चौकटीचा कोपरा. दाराची पाचर. त्या बाकाचं बसायचं फळकूट..."

"थांबा थांबा." फळ्याखाली खडूचा एक तुकडा पडला होता. सुनेने तो उचलला आणि तिसऱ्या बाकाच्या पायावर, त्या करवतीच्या रेघेभोवती, एक गोल काढला. "हा एक. पुढचा कुठला?"

"हे कशाला?"

"समितीला शाळा मोडकी दाखवायचीय ना? मोडलेलं सगळं दाखवू की. न मोडता दाखवू."

सुतारणीला आधी समजलं. ती उठली, पदर खोचला आणि दाराशी गेली. "इथली पाचर तुम्ही पुराच्या साली ठोकली होती. दोन आहेत. वरची आणि खालची."

पुढचे तीन दिवस घरातलं दुसरं कुठलंच काम झालं नाही. सुतार सकाळी शाळेत जायचा, वर्ग चालू असला तर बाहेरच्या बाजूने लागायचा, सुटला की आत. तो बोटाने दाखवायचा आणि सून गोल काढायची. काही जागा त्यालाही चटकन सापडायच्या नाहीत, इतकं काम बेमालूम झालेलं. मग तो डोळे मिटून लाकडावरून अंगठा फिरवायचा आणि थांबायचा. "इथे." सून बघायची तर खरंच, केसाएवढी फट. छताच्या वाशांपर्यंत हात पोचेना तेव्हा सून बाकावर बाक ठेवून वर चढली आणि सुतार खालून "डावीकडे, अजून डावीकडे" करत राहिला. सुतारणीने बाक धरले होते आणि ती दोघांनाही रागावत होती.

दुसऱ्या दिवशी खडू संपला. गुरुजींनी कपाट उघडून दाखवलं. "वर्षाचे खडू मोजून आलेत. देऊ तरी किती?"

त्याच दुपारी दुकानदार बघायला आला, शाळा कितपत मोडून झाली ते. दारातच तो थबकला. बाक, खिडक्या, चौकटी, सगळीकडे पांढरे गोल. शाळेला देवी आल्यासारखं दिसत होतं.

"हे काय चालवलंय? मी मोडायला सांगितलं होतं!"

"मोडलेलंच आहे," सुतार शांतपणे म्हणाला. गेल्या दोन दिवसांत त्याच्या आवाजात बळ आलं होतं. "एवढ्या ठिकाणी मोडलं होतं. प्रत्येक गोल म्हणजे सरकारनं न केलेलं एक काम."

दुकानदार तणतणत आत शिरला. तिसऱ्या रांगेतल्या शेवटच्या बाकाजवळ आला आणि वाकला. बसायच्या फळीच्या कडेला गुळगुळीत खळगा पडला होता, मनगट टेकून टेकून पडतो तसा. त्याने त्यावर मनगट ठेवून पाहिलं.

"ही फळी..."

"तुमच्या वडिलांचा गल्ला," सुतार म्हणाला. "तुम्ही नवा काचेचा केलात तेव्हा अंगणात आणून टाकला होतात. चांगलं लाकूड, मी जपून ठेवलं. नात बसते त्या फळीवर."

दुकानदाराचा बाप मरून सात वर्षं झाली होती. त्या फळीवर मनगट टेकून त्याने पोराला पहिली बेरीज शिकवली होती, आणि पोराने ती फळी सुताराच्या अंगणात फेकून दिली होती. दुकानदाराने नाक शिंकरलं, चष्मा पुसला आणि निघून गेला. पाऊण तासाने तो परत आला तेव्हा त्याच्या हातात खडूची अख्खी पेटी होती.

"पुरतील?" त्याने विचारलं. मग आपण विरघळलो असं कुणाला वाटू नये म्हणून म्हणाला, "आणि तो गोल नीट काढा. वाकडा आलाय."

बातमी गावभर झाली. लोक आपापली लाकडं शोधायला यायला लागले. शिंपिणीला आईच्या खाटेचा पाय सापडला आणि ती त्या बाकावर बसून पोटभर रडली, मग पोटभर हसली. गाडीवानाला गाडीची फळी खिडकीत सापडली. कुणाचं जुनं दार फळ्यामागे होतं, कुणाचा पाळणा कपाटात होता. पथक यायच्या आदल्या दिवशी सुतारणीने सगळे गोल मोजले. दोनशे सात. सून म्हणाली दोनशे अकरा. पुन्हा मोजायला कुणालाच उत्साह नव्हता, म्हणून सासूचा आकडा धरला.

पथक सकाळी आलं. तिघं होते. एक सत्तेतले साहेब, उंच, स्वच्छ कपड्यांचे. एक विरोधातले साहेब, ठेंगणे, घामाघूम झालेले. आणि तिसऱ्या कागदवाल्या बाई, हातात तक्ता आणि पेन. पहिले दोघं गाडीतूनच भांडत उतरले. बाईंच्या चेहऱ्यावरून त्या ते भांडण सबंध रस्ता ऐकत आल्या असाव्यात.

गुरुजींनी गोलांचं सांगितलं. घरं, खाटा, गल्ले, सगळं सांगितलं. सगळं गाव दाराखिडक्यांतून बघत होतं.

उंच साहेबांनी एक चक्कर मारली आणि एकदम टाळी वाजवली. "वा! अहो, हेच तर मी सभागृहात घसा फोडून सांगतो! लोकांनी मनावर घेतलं तर सरकारच्या निधीची गरजच काय? दोनशे दुरुस्त्या, सरकारकडे एक अर्ज नाही. आदर्श गाव आहे हे!"

ठेंगणे साहेब उसळले. "आदर्श? लाज आहे लाज! पोरांना मेलेल्यांच्या खाटांवर बसवून ठेवलंय सरकारनं!"

"त्या खाटा नाहीत, बाक आहेत!"

"तुमच्या काळात झालेत!"

"तुमच्या काळापासून चालू आहेत! अकरा वर्षं म्हणजे निम्मी तुमची!"

दोघं व्हरांड्यात गेले आणि बाकांकडे पाठ करून लढायला लागले. खिडकीतून शिंपी दुकानदाराला हळूच म्हणाला, "आगीतून फुफाट्यात." सुनेचं तोंड उतरलं. कल्पना तिची होती, आणि ती उलटून आपल्याच अंगावर आली असं तिला वाटलं.

कागदवाल्या बाई मात्र आतच होत्या. त्या मागच्या खिडकीपाशी थांबल्या. तिचं झडप एका बिजागरीवर लोंबत होतं.

"याच्यावर गोल नाही," त्या म्हणाल्या.

"ते राहिलंय, बाई," सुतारीण म्हणाली. "गोल म्हणजे झालेलं. बिनगोलाचं म्हणजे राहिलेलं."

"का राहिलं?"

सुतारणीने नवऱ्याकडे पाहिलं. सुतार चार माणसांत बोलणारा नव्हता. तो पुढे आला, लोंबणाऱ्या झडपाखाली उभा राहिला आणि त्याने उजवा हात वर उचलला. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. त्याने दात आवळून अजून जोर लावला, कपाळाला घाम आला, हात वीतभरही पुढे गेला नाही. व्हरांड्यातले दोघंही भांडण सोडून दारात आले.

"एवढाच जातो," सुतार म्हणाला. "तीन महिने झाले. हे झडप, पलीकडचे दोन बाक, कपाटाचं दार, सगळं तीन महिन्यांतलं आहे." मग तो उंच साहेबांकडे वळला. "साहेब, तुम्ही म्हणता लोकांनी करावं. खोटं नाही ते. पण या गावात लोक म्हणजे मी एकटाच होतो. मला याची हौस होती, बायको इथे कामाला होती, म्हणून झालं. आता लोकांचा खांदा धरलाय. पुढे काय करायचं ते तुम्ही सांगा."

उंच साहेबांनी झडप उचलून जागेवर धरून पाहिलं, सोडलं तसं ते पुन्हा लोंबायला लागलं.

कागदवाल्या बाई दुकानदाराच्या बापाच्या फळीवर बसल्या. तक्ता मांडीवर घेतला. 'दुरुस्तीची गरज' या रकान्यातल्या 'नाही'वर त्यांनी एक आडवी रेघ ओढली आणि विचारलं, "किती म्हणालात?"

"दोनशे सात," सुतारीण म्हणाली.

"दोनशे अकरा," सून म्हणाली.

बाई पहिल्यांदाच हसल्या. काय लिहिलं ते त्यांनी सांगितलं नाही.

महिन्याभराने पत्र आलं. शाळेचं नाव यादीतून काढलं होतं. निधी चालू, शिपायाची जागा चालू, आणि जुने बाक बदलण्यासाठी नवे वीस बाक मंजूर. तिकडे उंच साहेबांनी आणि ठेंगण्या साहेबांनी आपापल्या भाषणात याचं श्रेय घेतलं. दुकानदार आणि शिंपी त्यावरून आठ दिवस भांडले, पण आता दुकानदार कुठल्या बाजूचा आहे हे नीट कळत नव्हतं, त्याचं त्यालाही नसावं. पत्र आलं त्या संध्याकाळी सुतारणीने कढत पाणी आणलं आणि सुताराने मुकाट्याने खांदा शेकून घेतला. करवत हातात नव्हती. नात अंगणात उड्या मारत होती. सुताराला फार बरं वाटत होतं, आणि ते त्याने बोलून दाखवलं, जे तो सहसा करत नसे.

नवे बाक आले ते लोखंडी पायांचे, वर चकचकीत फळी. जुने काढायचं ठरलं तेव्हा गावाने गुरुजींना घेरलं, आणि शेवटी दोन्ही ठेवले. जुने पुढे, नवे मागे. नात जुन्यावरच बसली.

दुसऱ्या दिवशी सुतारीण घरी आली आणि दारातूनच म्हणाली, "मागून दुसरा नवा बाक डुगडुगतोय."

सुताराचे डोळे चमकले. खांदा शेकून शेकून हात आता डोळ्यांपर्यंत जायला लागला होता. त्याने पिशवी उचलली.

"बाबा," सून आडवी आली. तिच्या हातात कोरा कागद होता. "आधी अर्ज."

"अगं, एका पाचरीचं तर काम आहे!"

"आधी अर्ज. मागच्या वेळी अकरा वर्षं लागली लक्षात यायला."

सुताराने सासूसुनेकडे आळीपाळीने पाहिलं. दोघी हसत होत्या, पण बाजूला होत नव्हत्या. तो भुशातच मांडी घालून बसला, कानावरची पेन्सिल काढली आणि जन्मात पहिल्यांदा सरकारला अर्ज लिहिला. 'नव्या बाकाचा पाय डुगडुगतो. दुरुस्तीची गरज आहे.' खाली सही केली. सहीला एका पाचरीपेक्षा जास्त वेळ लागला. कागद घेऊन तो शाळेत गेला, गुरुजींच्या हातात दिला आणि गुरुजींनी त्यावर तारीख घातली.

मग सुतार मागच्या नव्या बाकाशी गेला, खाली बसला, पिशवीतून बोटभर पाचर काढली आणि तीन ठोक्यांत बसवली. बाक हलवून पाहिला. जागचा हलेना. त्याने फळ्याखालचा खडू उचलला, लोखंडी पायावर त्या पाचरीभोवती स्वतःच्या हाताने एक गोल काढला, आणि वाकडा आला म्हणून पुसून पुन्हा काढला.